फळीकडे वळणारा सूर

पस्तिशी ओलांडल्यावर डायव्हिंग शिकायला जाणाऱ्याला सगळ्यात आधी एक गोष्ट गिळावी लागते. बरोबरची पोरं आठ ते बारा वर्षांची असतात आणि ती आपल्यापेक्षा कितीतरी चांगली असतात. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. चीनची फू मिंगशिया १९९१ मध्ये दहा मीटर प्लॅटफॉर्मची (म्हणजे न लवणाऱ्या, पक्क्या मंचाची) जगज्जेती झाली तेव्हा बारा वर्षांची होती, आणि पुढच्या वर्षी बार्सिलोनाला तिनं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं तेव्हा तेरा वर्षांची. आमच्याकडची पोरं मला ‘काकू’ म्हणायची आणि माझ्या चुका मोठ्यानं सांगायची. ‘काकू, गुडघे!’ ‘काकू, हनुवटी!’ कोच मॅडमपेक्षा तीच जास्त कडक.

मला पोहता येत होतं, उंचीचं भय नव्हतं, तेव्हा अर्धं काम झालेलंच आहे असं मी धरून चालले होते. मॅडमनी पहिल्या दिवशी मला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, दोन्ही हात कानांना चिकटवून वर करायला लावले आणि कमरेमागे स्वतःचा हात घातला. तो आरपार गेला. “ही पोकळी जात नाही तोवर फळीवर चढायचं नाही,” त्या म्हणाल्या. “पाणी ही पोकळी बरोब्बर शोधतं आणि तिथंच मोडतं.” शेजारी पोरं भिंतीला पालींसारखी सपाट चिकटून उभी होती, आणि वर एकमेकांना हसवतही होती.

डायव्हिंगचा बराचसा सराव कोरड्यात होतो. ट्रॅम्पोलिनवर कमरेला पट्टा बांधतात, त्याच्या दोन्ही बाजूंच्या दोऱ्या वरच्या कप्प्यांवरून कोचच्या हातात असतात. आपण उडी मारून गिरकी घ्यायची, चुकलं तर कोच दोरी ओढून आपल्याला हवेतच लटकवून ठेवतात. तसं लटकून सगळ्या पोरांसमोर गोल फिरत राहणं हा शिक्षणाचाच भाग आहे, असं आता मला वाटतं. मग फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा, त्याच्यावर लावलेली फळी. सॅमी ली यांची गोष्ट मॅडमनी या खड्ड्याजवळच सांगितली. कोरियन वंशाचे अमेरिकन डायव्हर, १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत प्लॅटफॉर्मचं सुवर्ण मिळवलेले. त्यांच्या लहानपणी कॅलिफोर्नियातल्या तलावात गोऱ्या नसलेल्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे. बाकीचे दिवस ते वाळूच्या खड्ड्यात उड्या मारून सराव करत. पुढे ते डॉक्टर झाले, आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकसाठी त्यांनी सोळा वर्षांच्या एका मुलाला तयार केलं. त्या मुलानं प्लॅटफॉर्मचं रौप्य मिळवलं. सुवर्ण इटलीच्या क्लाउस दिबियासीला गेलं, सलग तिसऱ्यांदा. तो मुलगा म्हणजे ग्रेग लुगॅनिस. त्याच्याकडे मला परत यायचंच आहे.

पाण्यात सोडलं तेही काठावरून. आधी बसून, मग गुडघ्यावर, मग उभं राहून. उंची शून्य, कारण शिकायचा होता तो फक्त हाताचा भाग. सूर म्हटला की मनात बोटं जुळवलेले, टोकदार हात येतात. प्रत्यक्षात ते उलट असतं. एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं पकडायची, मनगट मागे वळवायचं आणि तळवा सपाट पाण्याकडे करायचा. तो सपाट तळवा पाण्यात भोक पाडतो आणि बाकीचं शरीर त्या भोकातून आत जातं. आत गेल्या गेल्या हात झटकन बाजूला फाकायचे, म्हणजे उडालेलं पाणी आपल्याबरोबर खाली ओढलं जातं. हे नीट जमलं की कापड फाटल्यासारखा आवाज येतो. सगळे त्याला ‘रिप’ म्हणतात. टोकियोत २०२१ साली चीनच्या चौदा वर्षांच्या चुआन होंगचाननं ऑलिंपिकमध्ये पाचपैकी दोन सूरांना सातही परीक्षकांकडून पूर्ण दहा मिळवले, त्यात मोठा वाटा या आवाजाचा होता. तिच्या मागे पाण्यावर जेमतेम बुडबुडे उरायचे. माझ्या मागे लाट उठायची. दहा मीटरवरून येणारं शरीर तासाला साधारण ५० किलोमीटर वेगानं पाण्याला भिडतं, त्यामुळे मोठे खेळाडू मनगटांना पट्ट्या गुंडाळतात. मी एक मीटरवरूनच गुंडाळायला लागले. पोरं हसली, मॅडम हसल्या नाहीत.

स्प्रिंगबोर्डची फळी हा वेगळाच प्राणी आहे. तिच्याखाली एक सरकणारा आधार असतो, तो पायानं चाक फिरवून पुढे-मागे करता येतो. मागे केला की फळी जास्त लवते. चालत यायचं, शेवटच्या पावलाला एक गुडघा उचलून उंच उडी घ्यायची, फळीच्या टोकावर दोन्ही पायांनी उतरायचं. फळी खाली जाते. इथं नवशिका घाई करतो आणि ती वर यायच्या आत पाय झाडतो. मग फळी रिकामीच वर येते आणि आपण जागच्या जागी थुडकन उडतो. मॅडम फळीवर जोरात टाळी द्यायच्या. “थांबा... थांबा... आता!” त्या ‘थांबा’मध्ये जो क्षण आहे तो पोरांना कुणी शिकवावा लागत नाही. मला तो ऐकू येऊ लागायला फार वेळ लागला, पण ज्या दिवशी फळीनं मला खरंच वर फेकलं त्या दिवशी मी इतकी उंच गेले की हवेत काय करायचं तेच विसरले आणि उभीच्या उभी पाण्यात उतरले.

आणखी एक वस्तू मला फार आवडली. प्रत्येक डायव्हरकडे एक छोटा, चामड्यासारखा लगदाळ रुमाल असतो. प्रत्येक सूराआधी त्यानं पाय, हात, पोट कोरडं करायचं, पिळायचा, आणि फळीवरून खाली फेकून द्यायचा. मला वाटायचं हा नखरा आहे. मग एकदा ओल्या पायांनी गुडघे छातीशी घेतले आणि हात नडग्यांवरून सटकले. कोलांटी अर्ध्यात उघडली आणि मी पाठीवर आपटले. त्यानंतर रुमालाशिवाय मी शिडी चढलेली नाही.

सूरांचे प्रकार आकड्यांनी ओळखतात. पहिला आकडा दिशा सांगतो. १ म्हणजे पुढे, २ मागे, ३ रिव्हर्स, ४ आत, ५ पिळासकट (म्हणजे स्वतःभोवती गिरकी घेत), ६ प्लॅटफॉर्मवर हातांवर उभं राहून. तिसरा आकडा अर्ध्या कोलांट्यांची संख्या. शेवटचं अक्षर शरीराची ठेवण: ए सरळ, बी कमरेत वाकून, सी गुडघे छातीशी घेऊन. म्हणजे ३०७सी ही रिव्हर्सची साडेतीन कोलांट्यांची, गुडघे मुडपलेली उडी. पुढचा आणि मागचा गट मला बऱ्यापैकी लवकर आले. आतला गट, म्हणजे पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि फळीच्या दिशेनं फिरायचं, तो भीतिदायक दिसतो, पण तिथं फळी समोर दिसत असते, त्यामुळे अंग आपोआप तिच्यापासून लांब उडतं.

रिव्हर्समध्ये ते होत नाही, आणि माझं सगळं शिक्षण तिथं येऊन अडलं.

रिव्हर्समध्ये पुढे चालायचं, पुढेच उडी घ्यायची, पण हवेत मागे फिरायचं. शरीर पुढे जात असतं आणि डोकं मागे, फळीच्या दिशेनं गोल येत असतं. डोकं फळीजवळून जातं त्या क्षणी फळी दिसत नाही. पाय सुटला की शरीराचा मार्ग ठरलेला असतो, हवेत तो बदलता येत नाही. त्यामुळे फळीपासूनचं अंतर ठरतं ते पाय सुटण्याआधीच. आता भीती काय करते ते पाहा. घाबरलेला माणूस लवकर फिरून मोकळं व्हायला बघतो. तो पाय फळीवर असतानाच खांदे मागे टाकतो. खांदे मागे गेले की पुढे जाण्याचा जोर कमी होतो आणि डोकं फळीच्या जवळ येतं. म्हणजे ज्याला आपण घाबरतो ते भीतीमुळेच जवळ ओढलं जातं. मॅडम म्हणायच्या, “छाती वर ठेवा, कंबर पुढे जाऊ द्या, मग पाय उचला. पाणी शोधू नका. पाणी कुठं जात नाही.” ऐकायला सोपं. करताना पहिल्या निमिषात शरीराला थोपवून धरणं म्हणजे, प्रत्येक स्नायू ‘फिर’ म्हणत असताना न फिरणं.

याच दिवसांत मी लुगॅनिसचं सोल ऑलिंपिकचं चित्रण पुन्हा पुन्हा बघायला लागले. ते सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेलं असतं. १९ सप्टेंबर १९८८, तीन मीटर स्प्रिंगबोर्डची प्राथमिक फेरी, नववा सूर, कमरेत वाकून रिव्हर्सच्या अडीच कोलांट्या. डोक्याचा मागचा भाग फळीच्या टोकावर आदळतो आणि तो वेडावाकडा पाण्यात पडतो. आधी मला वाटायचं, हा अपघात. फळीवर उभी राहायला लागल्यावर दिसलं की उडी चांगली उंच होती, फक्त जवळजवळ सरळ वर गेली होती, पुढे पुरेशी गेली नव्हती. जगातल्या सर्वोत्तम डायव्हरकडूनही अंतर इतपतच चुकतं, आणि तेवढं पुरतं.

त्याला हे नवीन नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. १९७९ मध्ये तिबिलिसीला त्याचं डोकं प्लॅटफॉर्मवर आपटून शुद्ध गेली होती. १९८३ मध्ये एडमंटनच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोव्हिएत संघाचा सर्गेई चालिबाश्विली ३०७सी मारताना दहा मीटरच्या काठावर आदळला आणि काही दिवसांनी गेला. लुगॅनिस त्याच स्पर्धेत होता. टॉवर हादरलेला त्याला जाणवला होता. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला त्यानं प्लॅटफॉर्मवर ७१०.९१ गुण केले, सातशेच्या पुढे जाणारा तो पहिला, आणि तिथं त्याचा शेवटचा सूर होता ३०७सी. हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. ज्या उडीनं एक माणूस मेला ती आपल्या यादीत शेवटी ठेवायची, म्हणजे सगळ्यात दमलेलं असताना, सगळ्यात जास्त पणाला लागलेलं असताना मारायची. हे धाडस आहे की कोरडा हिशोब, यावर आमच्या मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात हिशोब. त्या सूराची काठिण्यपातळी, म्हणजे परीक्षकांच्या गुणांना ज्यानं गुणतात तो आकडा, ३.४ होती.

सोलला डॉक्टरांनी त्याच्या डोक्याला टाके घातले, आणि अर्ध्या तासाहून थोड्या जास्त वेळात तो परत फळीवर होता. उरलेल्या सूरांतला पहिलाच पुन्हा रिव्हर्स, तोही साडेतीन पिळांसकट, आणि गुण ८७.१२. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत ज्यानं डोकं फुटलं तोच सूर यादीत होता, तोही त्यानं मारला आणि सुवर्ण घेतलं. त्या वेळी जगाला माहीत नव्हतं की त्याच वर्षी त्याला एचआयव्ही असल्याचं निदान झालं होतं. डॉक्टरांनी हातमोजे न घालता टाके घातले होते. १९९५ मध्ये त्यानं हे जाहीर केल्यावर बराच गहजब झाला. डॉक्टरांना लागण झाली नव्हती, आणि क्लोरिनच्या पाण्यातून इतरांना धोकाही नव्हता. तो गहजब मला आजही खटकतो. टाके पडलेल्या डोक्यानं आणि असं गुपित घेऊन शिडी चढणाऱ्या माणसाबद्दल लोकांना पहिल्यांदा पाणीच सुचावं!

माझा रिव्हर्स तुकड्यातुकड्यांनी आला. आधी काठावरून नुसती पुढे उडी आणि एक पाय उंच झाडणं. मग ट्रॅम्पोलिनवर पट्ट्यात कोलांटी. मग फोमच्या खड्ड्यात. मग एक मीटरवरून, बुडबुडे लावून. हे बुडबुड्यांचं यंत्र भारी असतं: तळाशी दाबाखालची हवा सोडतात, पाणी पांढरं आणि मऊ होतं, चुकून आडवं पडलं तरी फारसं लागत नाही. मला पाणी नेमकं कुठं आहे हे दिसण्यासाठीही ते बरं होतं. एरवी त्यासाठी पृष्ठभागावर पाण्याचा फवारा मारतात. पहिला खरा रिव्हर्स मी डोळे मिटून मारला, असं पोरांनी नंतर सांगितलं. मला ते कळलंच नव्हतं. डोकं सुखरूप होतं, पाय मात्र मागे पडून पोटऱ्यांवर पाण्याचा सपका बसला. ‘काकू, रिव्हर्स!’ म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात लहान मुलीनं, जी मला एरवी गुडघ्यांवरून रागवायची, तिनं स्वतःचा रुमाल मला दिला.

मग मॅडमनी बुडबुडे बंद केले. पुढच्या खेपेला पाणी कडक होतं, मी खांदे मागे टाकले, आणि हवेतच फळीची कड डोळ्यांच्या कोपऱ्यात जवळून सरकलेली दिसली. लागलं काहीच नाही. पण पुढच्या वेळी पाय पुढे जाईना. चालायचे, टोकावर थांबायचे, परत फिरायचे. पोरांमध्ये याला लाज नाही. त्यांच्यातलाही कुणी ना कुणी कधी तरी असाच थिजलेला असतो. मोठ्यांनाही चुकत नाही. लंडन २०१२ मध्ये ब्रिटनच्या टॉम डेलीच्या पिळाच्या एका सूरात प्रेक्षकांच्या कॅमेऱ्यांचे फ्लॅश डोळ्यांत गेले, त्याला तो पुन्हा मारायची परवानगी मिळाली, त्यानं कांस्यही घेतलं. पण त्या सूराची धास्ती त्याच्या मनात इतकी बसली की शेवटी त्यानं यादीत दुसरा सूर शिकून घातला. टोकियोत तो मॅटी लीबरोबर जोडीच्या प्लॅटफॉर्मवर सुवर्णपदक घेऊन गेला. भीती वाटणारा सूर बदलणं हाही या खेळातला एक रस्ता आहे, हे कळून मला बरं वाटलं. माझ्या पातळीवर बदलायला फारसं काही नव्हतं, म्हणून मॅडमनी मला मागे आणलं: पुन्हा काठ, पुन्हा पट्टा, पुन्हा बुडबुडे. सगळं पहिल्यापासून, फक्त थोड्या वेगानं.

क्लबची एक छोटी स्पर्धा झाली तेव्हा माझ्या यादीत ३०१सी होता. नाव पुकारतात, आकडा पुकारतात, मग एकदम शांतता. पाच परीक्षक, त्यांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा गुण काढून टाकतात, उरलेल्यांची बेरीज गुणिले काठिण्य. मला साडेचार, पाच असे गुण पडले, आणि मी वयोगटात तिसरी आले, कारण वयोगटात तिघीच होतो.

त्या संध्याकाळी मी लुगॅनिसचा सोलचा प्लॅटफॉर्मचा हिशोब मांडून बघितला. शेवटच्या फेरीआधी तो चीनच्या शिउंग नीच्या तीन गुण मागे होता. शिउंग नी चौदा वर्षांचा, लुगॅनिस अठ्ठावीसचा. पुन्हा ३०७सी. निकाल लागला तो १.१४ गुणांनी, लुगॅनिसच्या बाजूनं. तेव्हा सात परीक्षकांपैकी वरचा आणि खालचा गुण काढून उरलेल्या पाचांच्या बेरजेला ०.६ नं आणि मग काठिण्यानं गुणत. म्हणजे मोजणीत आलेल्या पाचांपैकी फक्त दोघांनी अर्धा-अर्धा गुण कमी दिला असता, तर २.०४ गुण गेले असते आणि सुवर्ण शिउंग नीचं झालं असतं. परीक्षकाच्या मनात अर्धा गुण कशानं कमी होतो ते आता मला अंगानं माहीत आहे: आत जाताना टाचा जराशा सुटल्या, किंवा घोटे जरा उघडले.

आता मॅडमना तीन मीटरवरून रिव्हर्स हवा आहे. तिथून कोलांटी पुरी करायला हवेत वेळ जास्त मिळतो, असं त्या म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण खाली पडायला अंतरही जास्त मिळतं, असं मी म्हणते. सध्या तिथून नुसती पुढे उडी आणि पाय झाडणं एवढंच चालू आहे. पोरं विचारतात, काकू कधी? मॅडम त्यांना त्यांच्या त्यांच्या फळीवर हाकलतात.